मुका धूर

आमच्या गॅरेजातून गाडी बाहेर पडायची वेळ झाली की मालक चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याच्या आधी मी गाडीत धूर करते.

सुती चिंधी पेटवायची, फुंकून विझवायची आणि धुमसत असताना गाडीच्या छताजवळ धरायची. छताला बशीएवढा एक पांढरा डबा असतो, तो बोंबलायला लागतो. नवी गाडी, नवा रंग, नवी गादी आणि मी आत चिंधी जाळत उभी, हे बघून गिऱ्हाइकाचा जीव खालीवर होतो. मला मात्र तो आवाज ऐकल्याशिवाय जेवण जात नाही.

हिंगोलीहून वाशिमकडे जाताना कनेरगाव नाक्याच्या अलीकडे करीमचाचांचं गॅरेज आहे. तिथं आम्ही जुन्या गाड्यांची फिरती घरं बांधतो. शाळेनं काढून टाकलेली बस, दवाखान्याची जुनी व्हॅन, टेम्पो, काहीही आणा. चाचा पत्रा आणि लाकूड बघतात, मी वायरिंग. आयटीआयमध्ये वर्गात मी एकटीच मुलगी होते आणि गॅरेजातही एकटीच आहे. आतमध्ये झोपायची फळी, छोटा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, दिवे, पंखा. लोकांना वाटतं अशी गाडी म्हणजे मोठ्या शहरातल्या हौशी लोकांचा खेळ. हौशी येतातही. पण आमची निम्मी गिऱ्हाइकं पोटासाठी फिरणारी आहेत. हळद शिजवायला कुरुंद्याच्या बाजूला जाणाऱ्या टोळ्या, जत्रेतले पाळणेवाले, मेंढपाळ. त्यांना घर हवं असतं, ते चाकावर हवं असतं, एवढंच.

करीमचाचा गाडी फार घट्ट बांधतात. त्यांची ख्यातीच ती आहे. दार लावलं की बाहेरचा ट्रक ऐकू येत नाही, वाऱ्याची झुळूक शिरत नाही. गिऱ्हाईक खूश होतं. आणि माझं काम तिथूनच सुरू होतं, कारण अशा घट्ट डब्यात माणसं झोपतात, स्वयंपाक करतात आणि थंडीत विस्तवही आत घेऊन बसतात.

परक्याला समजावं म्हणून सांगते. अलार्म दोन असतात. एक छताला, साध्या धुराचा. काही जळायला लागलं की धूर वर जातो, तिथं तो त्याला पकडतो. हा धूर दिसतो, डोळ्यांत जातो, खोकला आणतो. दुसरा अलार्म झोपणाऱ्याच्या उशीच्या उंचीला, भिंतीवर. तो कार्बन मोनॉक्साईडचा. कोळसा, लाकूड, गॅस, पेट्रोल, काहीही पुरती हवा न मिळता जळालं की हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो हवेत हवेसारखा मिसळतो. माणसाला आधी डोकं जड वाटतं, मग झोप येते, आणि त्या झोपेला तो थकवा समजतो. निखाऱ्यावर राख धरली, धूर थांबला, म्हणजे आता आत न्यायला हरकत नाही, असं आपल्याकडे घरोघर समजतात. खरा धोका त्या धूर नसलेल्या निखाऱ्यातच असतो.

या वायूला पुढे एका मेंढपाळाच्या सुनेनं नाव दिलं, मुका धूर. मला पुस्तकातलं नाव पाठ होतं, पण तेव्हापासून मी तेच वापरते.

आमच्या घरी गोष्टींची पुस्तकं नव्हती. पत्रकं होती. बाबांचा हिंगोलीत छोटा छापखाना. जयंतीची पत्रकं, मोर्चाची, मजुरीच्या भावाची, शाळेत लेकरं घाला म्हणणारी. उरलेले गठ्ठे पलंगाखाली असायचे आणि मी त्यावर पालथी पडून वाचायला शिकले. त्यामुळे माझ्या बोलण्यात कुठंतरी मागणी येतेच. आई म्हणते, “ही भाजी मागितली तरी निवेदन दिल्यासारखं मागते.” बाबांनी मात्र एक शिकवलं. पत्रकाची पहिली ओळ अशी पाहिजे की चालता माणूस थांबला पाहिजे. आणि ज्याच्यासाठी पत्रक आहे, त्याच्याच हातात ते पडलं पाहिजे. सावकाराच्या दारावर चिकटवून उपयोग नाही.

गॅरेजातला माझा एक नियम या शिकवणीतून आला. तो आला कसा, ते सांगते.

नांदेडकडचे एक निवृत्त साहेब आणि त्यांच्या पत्नी आमच्याकडून गाडी बांधून घेऊन गेले. देशभर फिरायचा बेत होता. थोड्याच दिवसांत परत आले, पंख्याची तक्रार घेऊन. मी सवयीनं छताकडे पाहिलं. अलार्मचं झाकण लोंबत होतं, आत बॅटरी नव्हती.

“साहेब, बॅटरी कुठे गेली?”

“अहो, रोज आरतीला बोंबलायचा तो. देवघर त्याच्याच खाली आहे ना. म्हटलं, देवाच्या कामात हा कोण मधे बोलणारा.”

“आणि बॅटरी?”

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. घड्याळ अगदी बरोबर वेळ दाखवत होतं.

काकू बाहेर खुर्चीवर बसल्या होत्या. मी त्यांना विचारलं, “काकू, तुम्हाला माहीत होतं?”

“मला काय विचारतेस? मला त्या डब्याला हात लावायची परवानगी नाही. महागाचा आहे म्हणतात.”

त्या दिवशी मी देवघर सरकवून दिलं, बॅटरी बसवली आणि काकूंना आत बोलावलं. म्हटलं, बटण दाबा. त्यांनी भीत भीत दाबलं. डबा असा ओरडला की साहेबांनी कान झाकले. काकूंनी पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा, काही गरज नसताना.

“लग्नाला इतकी वर्षं झाली,” त्या म्हणाल्या, “माझ्या शब्दावर यांनी आज पहिल्यांदा कान झाकले.”

तेव्हापासून नियम असा: गाडीची किल्ली मालकाला मिळेल, पण आत झोपणाऱ्या बाईनं, म्हातारीनं, लेकरानं, जे कोणी असेल त्यांनी, स्वतःच्या हातानं अलार्म तपासून दाखवल्यावर. मालक ड्रायव्हरच्या सीटवर असतो, खिडकी उघडी असते. विस्तवाशेजारी जी झोपते तिला चाचणी यायला हवी. करीमचाचांनी डोक्याला हात लावला. “बेटा, ये गॅरेज है, शाळा नहीं. गिऱ्हाईक भागेगा.” काही गेलेही. एक पाळणेवाला तर शिव्या देत, अलार्म न लावताच गाडी घेऊन गेला. ती गाडी आज कुठल्या जत्रेत उभी असेल मला माहीत नाही, आणि थंडी पडली की तिची आठवण येते.

बळीराम मामा आले ते एका जुन्या शाळेच्या बसमध्ये बसून. सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याचे. मोठं पागोटं, खांद्यावर घोंगडी, बोलणं तिखट. पूर्वी त्यांचं बिऱ्हाड घोड्यावर असायचं. आता मेंढ्या मुलगा ज्ञानू पायी हाकत नेणार आणि मामा, सून राधा, तिचं तान्हं पोरगं आणि नुकती जन्मलेली कोकरं बसमध्ये. शेतकऱ्याच्या रानात कळप बसवायचा, खत द्यायचं, धान्य घ्यायचं आणि पुढे सरकायचं. बसच्या पिवळ्या रंगावर शाळेचं नाव पुसटसं दिसत होतं. मामांनी ते पुसू दिलं नाही. म्हणाले, “राहू द्या. आमच्या घराण्यात शाळंत गेलेलं कुणी न्हाई. निदान शाळंत झोपलो असं तरी म्हनू.”

चाचांनी बस बांधली. मी दोन्ही अलार्म लावले, वर आणि खाली हवेला जाळ्या ठेवल्या आणि नियम सांगितला.

“सून दाबंल?” मामा म्हणाले. “बाई, बस मी घेतली.”

“झोपणार कोण आत?”

“ती अन् लेकरू. कधी मी.”

“मग त्यांनीच दाबायचं.”

राधा पुढे आली. माहेरी दहावीपर्यंत शिकलेली, अंगानं बारीक, बोलायला कमी. तिनं छताचा अलार्म दाबला, भिंतीवरचा दाबला. मग विचारलं, “ताई, वरचा धुराचा. मंग खालचा कशाचा?”

मी सांगितलं. वास नाही, रंग नाही, डोळ्यांत जात नाही.

“म्हंजी मुका धूर,” ती म्हणाली.

मी तिला माझं पत्रकही दिलं. होय, मी पत्रक काढलं होतं. बाबांच्या छापखान्यात, पानभर, ठळक मथळा, खाली कलमं. वायू म्हणजे काय, लक्षणं कोणती, बॅटरी कधी बदलावी, यंत्राच्या पाठीवर जी तारीख छापलेली असते त्या तारखेनंतर ते टाकून का द्यावं. राधानं उभ्या उभ्या वाचलं आणि परत केलं.

“लई चांगलं हाये. पन ताई, येवढं वाचेस्तोर मानूस मरंल की.”

मामा हसले. मला राग आला, आणि तो राग बरोबर आहे की नाही हे ठरवत असतानाच तिनं माझ्या हातातला पेन मागितला. पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर तिनं एक ओळ लिहिली: वाजलं की भाईर. काहून ते मागून इचारा.

आज आमच्या गॅरेजातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दारावर हीच ओळ चिकटवलेली असते. बाबांनी टाइप लावताना एकदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, “पोरी, पहिली ओळ हिला जमली. तुला अजून जमायची आहे.”

दसरा झाला आणि मामांची बस परत आली. पाऊस संपला होता, थंडी सुरू व्हायची होती. दाराच्या फटीतून वारा येतो म्हणून त्यांना नवं रबर लावून हवं होतं. कळप ज्ञानूनं पुढे काढला होता, पैनगंगेच्या बाजूला. संध्याकाळच्या आत बस तिथं पोचायची होती. राधा लेकराला मांडीवर घेऊन ओट्यापाशी बसली होती.

मी आत गेले आणि थांबले. भिंतीवरच्या अलार्मला झेंडूची माळ होती. हळद आणि कुंकू कालवून त्यावर जाड लेप दिला होता, वर अक्षता चिकटवल्या होत्या. ज्या बारीक फटींमधून हवा आत जाते, त्या सगळ्या फटी पिवळ्याधमक भरून वाळल्या होत्या.

आपल्याकडे दसऱ्याला विळा पुजतात, मोटार पुजतात, शिलाई मशीन पुजतात. आम्ही बौद्ध आहोत, आई पूजा करत नाही, पण त्या दिवशी बाबांचं छपाईचं यंत्र स्वच्छ पुसून ठेवते. मला त्या भावनेशी भांडण नाही. जे आपल्याला राखतं त्याचं ऋण मानणं चांगलंच. पण विळ्याला नाक नसतं.

“मामा, हे कुणी केलं?”

“म्या. घराची राखन करतंय ना ते? मंग पूजा नगो?” मामांनी अंगठ्यानं बटण दाबलं. अलार्म खणखणीत वाजला. “बघा. जित्तं हाये. बराबर बोंबलून राह्यलंय.”

इथं बहुतेक सगळे फसतात, म्हणून सांगते. बटण दाबल्यावर यंत्राचा गळा शाबूत आहे, बॅटरी शाबूत आहे, एवढंच कळतं. त्याला वास येतो की नाही, हे बटणानं कळत नाही. त्यासाठी माझ्याकडे तपासणीच्या वायूचा छोटा डबा असतो. अलार्म भिंतीवरून काढायचा, पारदर्शक पिशवीत घालायचा, आत थोडा वायू सोडायचा, पिशवीचं तोंड आवळायचं आणि वाट बघायची.

मी पिशवी आवळून उभी राहिले. राधा बघत होती. मामा बघत होते. चाचा रबर कापायचं सोडून दारात आले. नीट असता तर अलार्म एव्हाना ओरडला असता. पिशवीत नुसता हिरवा दिवा लुकलुकत राहिला, सगळं ठीक आहे असं सांगत.

“मेलाय हा,” मी म्हटलं. “गळा आहे, नाक नाही.”

मी फटी साफ करायचा प्रयत्न केला नाही. ओला लेप आतल्या भागापर्यंत गेला की त्याच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. नवाच लावायचा. आणि नवा माझ्याकडे नव्हता. शेवटचा त्याच आठवड्यात एका टोळीच्या गाडीला लावला होता, पुढचा माल यायचा होता.

“मग राहू द्या,” मामा म्हणाले. “रबर लावून द्या अन् किल्ली द्या. येताना बघू.”

“रबर लावल्यावर बस आणखी घट्ट होणार. थंडीत तुम्ही विस्तू आत घेणार. मी किल्ली देणार नाही.”

“विस्तू न्हाई घेत.”

“कोकरं थंडीनं काकडली तरी?”

मामा खांद्यावरची घोंगडी सारखी करायला लागले. मेंढपाळ खोटं बोलायला अवघडतो, निदान कोकरांच्या बाबतीत.

मग त्यांचा सूर बदलला. “खरं सांगू का बाई. तुमच्यात हळद-कुकू न्हाई. म्हून तुमाला ते डोळ्यांत खुपून राह्यलं. देवाला हळद लावली म्हंजी देव मरत न्हाई.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या आत पलंगाखालचे सगळे गठ्ठे एकदम उघडले होते. बोलायला सुरुवात केली असती तर संध्याकाळ झाली असती. पण समोर राधा होती, मांडीवर तिचं लेकरू होतं, आणि भांडण जिंकून ती दोघं त्या बंद डब्यात झोपायला गेली असती तर मी काय जिंकलं असतं?

“मामा,” मी म्हटलं, “आमच्या घरी वरणात हळद रोज पडते. माझं हळदीशी वैर नाही. देवाला श्वास घ्यावा लागत नाही, याला लागतो. तुमच्या नाकात हळद भरली आणि मग म्हटलं, वास घेऊन सांगा, तर सांगाल का?”

“म्या मानूस हाये.”

“हा पण तुमच्या घरातला एक माणूसच समजा. जागा राहणारा.”

मामा उठले. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. मी ती मुठीत धरली होती. तेव्हा राधा पहिल्यांदा बोलली, सासऱ्यांकडे न बघता.

“मामाजी, मला झोप न्हाई लागायची.”

“काय?”

“रोज मी बटन दाबते अन् मंग झोपते. आता दाबून काय फायदा? ते खोटं बोलून राह्यलंय. मी लेकराला घेऊन चालत येते कळपाच्या मागं. तुमी बस आना.”

हे तिनं इतक्या साधेपणानं म्हटलं की त्यात धमकी शोधूनही सापडली नसती. ती खरंच उठून लेकराला पाठीशी बांधायला लागली. मामा कोड्यात पडले. सून रस्त्यानं चालते आणि सासरा बसमध्ये बसून येतो, हे दृश्य मेंढपाळांच्या साऱ्या तळानं पाहिलं असतं.

करीमचाचा दारातून निघून गेले. मला वाटलं, वैतागले. पण ते त्यांच्या मागच्या खोलीत गेले होते. चाचा तिथंच झोपतात, हिवाळ्यात पहाटे उठून नमाजाआधी छोटी शेगडी पेटवतात. मागच्या वर्षी मी भांडून त्यांच्या भिंतीवर मुक्या धुराचाच एक अलार्म लावला होता. ते त्याला ‘तेरा मुर्गा’ म्हणायचे आणि रोज नावं ठेवायचे. ते परत आले तेव्हा तो कोंबडा त्यांच्या हातात होता, स्क्रूसकट.

“ले. ये भी उसीच खोके का है. लगा दे इनकू.”

“आणि चाचा, तुम्ही?”

“मैं सिगडी बाहर जलाऊंगा. बुढ्ढे कू थोडी थंडी लगी तो क्या होता.” मग मामांकडे वळून म्हणाले, “मामू, मेरेकू भी ये पहले नक्को था. लेकिन ये लडकी किल्ली नहीं देती. मैं मालक हूँ, मेरेकू भी नहीं देती.”

मामांना हसू फुटलं. ते दाबायचा त्यांनी प्रयत्न केला, पण पागोटं हललं.

मी चाचांचा अलार्म पिशवीत तपासला. तो असा ओरडला की बाहेरची कुत्री भुंकायला लागली. राधानं तो स्वतःच्या हातानं भिंतीवर बसवला, बटण दाबलं, लेकराच्या कानावर हात ठेवला आणि मला मान हलवून सांगितलं, झालं. मी किल्ली दिली. जाताना मामा म्हणाले, “पुढच्या दसऱ्याला काय करू मंग? नुसतं हात जोडू?” मी काहीतरी उत्तर दिलं, पण बस सुरू झाली होती.

त्या हिवाळ्यात एके दिवशी दुपारीच आभाळ आलं आणि गारांचा पाऊस झाला. मी एका गाडीच्या खाली पाठीवर झोपून वायर ओढत होते. फोन वाजला. राधाचा नंबर. कानाला लावला तर आधी पाऊस, मग लेकराचं रडणं, आणि त्या दोन्हींच्या मागे एक आवाज, जो मी झोपेतही ओळखला असता.

“ताई,” ती धापा टाकत होती. “वाजलं. मुका धूर वाजला.”

“तू कुठे आहेस?”

“भाईर. समद्यांना भाईर काढलं.”

“लेकरू?”

“माझ्यापाशी. रडून राह्यलंय.”

“रडू दे. मामा?”

“चिखलात बसल्येत. ओकून राह्यलेत. मला शिव्या द्यायला लागलेत.”

शिव्या म्हटल्यावर माझ्या जीवात थोडा जीव आला. मी सांगितलं, सगळी दारं सताड उघडी ठेव, कुणी आत जायचं नाही, कोकरांसाठी सुद्धा नाही. आणि मामांना, लेकराला तातडीनं दवाखान्यात ने, डॉक्टरांना सांग बंद गाडीत कोळसा होता, ऑक्सिजन लागेल. ती म्हणाली, रस्त्यावर दुधाचा टेम्पो थांबवलाय. मी गाडीखालून बाहेर आले. चाचा समोर उभे होते. मी सांगितलं. त्यांनी टोपी नीट केली आणि बराच वेळ आपल्या मागच्या खोलीच्या रिकाम्या भिंतीकडे बघत बसले.

काय झालं ते नंतर मामांनीच सांगितलं, आणि आता कुठेही बसले की तेच सांगतात. गारा सुरू झाल्या तेव्हा ज्ञानू कळपाबरोबर झाडाखाली होता, राधा ताडपत्रीखाली भाकरी करत होती. ओली कोकरं थरथरत होती. मामांनी घमेल्यात निखारे घेतले, धूर नाही बघून आत नेले, दार लावलं. वाऱ्याच्या जाळीत घोंगडीचा बोळा कोंबला. सुनेला म्हणाले, लेकराला आत टाक, गरम हाये. गारांच्या गडबडीत घमेलं न बघता तिनं लेकरू दारातून आत दिलं. मग कोकरांना जवळ घेऊन बसले आणि त्यांना बरं वाटायला लागलं.

“इतकं बरं वाटलं बाई,” मामा म्हणाले, “का मला ते बोंबलून राह्यलेलं आईकू येत व्हतं, पन वाटलं कोकरूच हाये. म्हटलं, बोंबल बाबा. उठायचं मनातच येईना. तेवढ्यात हिनं दार उघडलं, लेकरू उचललं, घमेलं लाथंनं भाईर उडवलं, अन् मला तंगडी धरून वढलं, मेलेल्या मेंढीवानी. म्या म्हटलं, काहून वढतीस? तर म्हन्ती, काहून ते मागून इचारा.”

दोन्ही जीव वाचले. कोकरंही. दवाखान्यातून मामा घरी आले आणि त्यांनी माझ्यासाठी काहीही आणलं नाही, आभारही मानले नाहीत. त्यांनी त्याहून चांगलं केलं. पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी एका सकाळी गॅरेजासमोर गाड्यांची रांग लागली. टेम्पो, जुन्या व्हॅन, एक ट्रॅक्टरची बंद ट्रॉली. साखऱ्याची, आसपासच्या गावांची मेंढपाळ मंडळी, बायका-लेकरांसकट. आणि रांगेच्या तोंडाशी मामा, हातात काठी.

“मागं व्हा,” ते एका तरण्या मेंढपाळाला सांगत होते. “तुजं काम न्हाई इथं. बायकूला पुढं काढ. बायकूनं बटन दाबल्याबिगर इथं किल्ली भेटत न्हाई. मालकालाबी भेटत न्हाई.”

“आन् बायकू न्हाई आली तर?”

“तर चालत जा.”

त्या दिवशी दिवसभर गॅरेजात एकामागून एक अलार्म बोंबलत होते. बायका हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, पुन्हा पुन्हा दाबत होत्या. चाचांनी कानात कापूस घातला होता. त्यांच्या खोलीत नवा कोंबडा आला होता, आणि तो त्यांनी, कुणी सांगितलं नसताना, त्याच सकाळी माझ्यासमोर दाबून दाखवला होता. बाबांनी छापखान्यातून राधाच्या ओळीचा नवा गठ्ठा पाठवला. मी मोर्चे पाहिलेत, सभा पाहिल्यात. इतक्या बायकांनी एकाच दिवशी इतका आवाज केलेला मी पाहिला नव्हता.

दसरा त्यानंतर आला. दसऱ्यानंतर मामांची बस वर्षाच्या तपासणीला आली. मी मनाची तयारी करून आत गेले. भिंतीवर अलार्म स्वच्छ होता. माळ त्याच्या खिळ्याला न घालता शेजारच्या खुंटीला लोंबत होती. फटी कोऱ्या. मी पिशवीत तपासला, ओरडला.

पाठीवरची तारीख बघायला मी तो उलटा केला. तिथं हळदीचं एक बोट उमटलेलं होतं, त्यावर कुंकवाचा ठिपका. बाजूला एक अक्षत वाळून चिकटली होती. छापलेली तारीख जिथं होती तेवढी जागा मात्र सोडलेली, कोरी, वाचता येईल अशी.

राधा दारात होती. “पुसावं लागंल का ताई?” तिनं विचारलं.

मी कोणत्याही गाडीला लिंबू बांधत नाही, हे सगळ्या नाक्याला माहीत आहे. माझ्या हातात फडकं होतं. मी त्या फडक्यानं अलार्मची पुढची बाजू पुसली, तो होता तसा भिंतीला लावला आणि राधाला म्हटलं, “दाब.”

तिनं दाबलं.